पत्र्याच्या शेडचे बुडालेले पैसे : मागे लागायचं की सोडून द्यायचं? एका प्रकरणाचा सगळा हिशोब

हे प्रकरण माझ्या सख्ख्या मावशीचं आहे. सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, मावशी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, गावात सगळे तिला बाई म्हणतात. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये. मी स्वतः एका पतसंस्थेत वसुलीचं काम ११ वर्षं करतोय, त्यामुळे घरातलं प्रकरण असलं तरी सुरुवातीपासून कागद, तारखा, आकडे सगळं लिहून ठेवत गेलो. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे असा प्रसंग आला की माणसं एकतर रागानं पेटून उठतात नाहीतर "गेले पैसे" म्हणून गप्प बसतात, आणि दोन्हीत हिशोब कुणी करत नाही.

पार्श्वभूमी

मावशीचं घर तळमजला आणि वर गच्ची. गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायचं हे काका होते तेव्हापासून चाललेलं. उन्हाळ्यात स्लॅब तापतो, पावसात वाळवण कुठं घालायचं हा प्रश्न, आणि नातवंडं सुट्टीला आली की वर झोपायला जागा. मार्च २०२५ मध्ये तिनं शेवटी मनावर घेतलं. गावातल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. वय पस्तीसच्या आसपास, बोलायला गोड, आल्या आल्या पाया पडला आणि म्हणाला "बाई, मी तुमच्याच शाळेचा, तुम्ही मला चौथीला नव्हता पण माझ्या मोठ्या भावाला होता." इथंच अर्धं काम झालं होतं त्याचं.

माप ३० बाय २२, म्हणजे ६६० चौरस फूट. रेट ठरला २८० रुपये फूट, मटेरियल आणि मजुरी सगळं धरून. म्हणजे १,८४,८००, त्यानं गोल करून १,८५,००० केले. त्याच्या पॅडवर कोटेशन लिहिलं, त्यात २ बाय २ चा १४ गेजचा पाइप, ०.५० एमएमचा कलर कोटेड पत्रा, पन्हाळ, रंगाचे दोन हात हे सगळं होतं. खाली त्याची सही नव्हती, नुसता शिक्का. हा कागद पुढं फार उपयोगी पडला, पण त्यावर काम किती दिवसात संपणार ही एक ओळ असायला पाहिजे होती, ती नव्हती.

पैसे असे गेले. १७ मार्चला ५०,००० यूपीआयने. २५ मार्चला ६०,००० चा चेक, त्याच्या दुकानाच्या नावाचा. ३० मार्चला पाडवा होता, पाडव्याला नारळ फोडून काम सुरू झालं. आणि १२ एप्रिलला, हनुमान जयंती होती त्या दिवशी, सकाळी येऊन "पत्रा उचलायचाय, दुकानदार रोख मागतोय, रेट वाढायच्या आत उचलू" म्हणून ३०,००० रोख घेऊन गेला. पावती नाही. एकूण १,४०,०००.

अडचण

२२ एप्रिलपर्यंत आठपैकी पाच खांब उभे राहिले, चारपैकी दोन कैच्या (पत्र्याला आधार देणारे सांगाडे) चढल्या. त्यानंतर माणूस गायब. म्हणजे फोन उचलायचा, पण यायचा नाही. आधी वेल्डर गावाला गेलाय, मग अक्षय तृतीयेला पत्रा टाकतो, मग गाडी पंक्चर, मग सासरे दवाखान्यात. ज्यांनी कधी मिस्त्री लोकांकडून काम करून घेतलंय त्यांना हे पाठ असेल.

खरी भीती पुढं होती. उरलेल्या तीन खांबांसाठी त्यानं स्लॅबला ड्रिल मारून ठेवलं होतं, एका खांबाला चार अशी बारा भोकं, आणि त्यात ना अँकर (स्लॅबमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) बसवला ना बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी प्लेट). भोकं तशीच उघडी. आम्हाला वाटलं जूनपर्यंत वेळ आहे. आणि २०२५ ला पाऊस कसा आला ते सगळ्यांना आठवत असेल, मेच्या विशीपासूनच झोडपायला लागला आणि मान्सून २६ मेला मुंबईत पोचला, एरवीची तारीख ११ जून. मावशीच्या मागच्या खोलीत छताला आधी ओला डाग पडला, मग थेंब. खाली काकांचं पुस्तकांचं कपाट. रात्री दीड वाजता ती एकटी त्या कपाटावर परात ठेवून बसली होती आणि सकाळी मला फोन केला तेव्हा पैशाचं एक अक्षर बोलली नाही, एवढंच म्हणाली, "तुझ्या काकांची पुस्तकं भिजली रे."

मी त्याच दिवशी गेलो.

पहिला निर्णय : आधी भोकं बुजवायची की पुरावा ठेवायचा

घरात यावर वाद झाला. मावसभाऊ पुण्याहून फोनवर म्हणत होता की कशाला हात लावू नका, केस करायची असेल तर आहे तसं राहू दे. मला ते पटलं नाही, कारण पाऊस थांबणार नव्हता आणि स्वतःचं नुकसान वाढू दिलं तर उद्या समोरचाच म्हणेल की तुम्ही काही केलं का नाही. म्हणून एका दुपारी दोन्ही केलं. बारा भोकांचा मोजपट्टी ठेवून व्हिडिओ, खोलीतल्या छताचे फोटो, शेजारचे दोघं वर बोलावून जे दिसतंय ते साध्या कागदावर लिहून त्यांच्या सह्या आणि तारीख. दुसऱ्या दिवशी भोकं केमिकल भरून बंद करून घेतली. ते आणि खालच्या छताचं प्लास्टर-रंग मिळून पुढं ९,००० गेले, बिल घेऊन ठेवलं.

गच्चीवर एक अख्खा वीस फुटी पाइप पडला होता. तो उचलताना मला हलका वाटला. खांद्यावर टाकून खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेला, साडेचौदा किलो भरला. २ बाय २ चा १४ गेजचा पाइप म्हणजे जाडी २ एमएम, वीस फुटाचं वजन अठरा किलोच्या घरात पाहिजे. म्हणजे हा १६ गेजचा (गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ). कोटेशनमध्ये १४ लिहून १६ वापरला होता. काट्यावरच्या आकड्याचा पाइपासकट फोटो काढला. त्या क्षणी माझ्या डोक्यात एक गोष्ट बदलली. तोवर मी त्याला अडचणीत आलेला माणूस समजत होतो, पण गेज कमी वापरणं हे अडचणीतून होत नाही, ते पहिल्या दिवशीच ठरवलेलं असतं.

नेमके किती बुडाले

मावशी म्हणायची एक लाख चाळीस बुडाले. ते बरोबर नव्हतं, आणि आकडा चुकीचा सांगितला की समोरचा वकील पहिल्याच फटक्यात तुम्हाला खोटं पाडतो. म्हणून दुसरा फॅब्रिकेटर बोलावला, शेजारच्या गावचा, त्याला सांगितलं की झालेल्या कामाची आजची किंमत लिहून दे, जास्त नको कमी नको. त्यानं पाच खांब, दोन कैच्या, मजुरी धरून ४२,००० लिहिले. आणि उरलेलं काम पूर्ण करायचं, कच्चं वेल्डिंग परत करायचं, आधार द्यायचे, याचं कोटेशन दिलं १,४८,०००.

आता हिशोब दोन तऱ्हेनं होतो. एक म्हणजे दिलेले १,४०,००० वजा काम ४२,०००, म्हणजे ९८,००० येणं. दुसरा म्हणजे १,४०,००० अधिक १,४८,००० वजा मूळ ठरलेले १,८५,०००, म्हणजे आपल्याला १,०३,००० चा जास्तीचा भुर्दंड, वर ते छताचे ९,०००. दुसरा आकडा मोठा आहे आणि न्यायाचाही आहे, पण तो सिद्ध करायला दोन कोटेशनांवर वाद घालावा लागतो. पहिला त्याच्यासमोर बोटांवर मोजून दाखवता येतो. आम्ही ९८,००० धरून चालायचं ठरवलं.

त्यातही एक कच्चा दुवा होता, ते रोख ३०,०००. सुदैवानं मावशीच्या व्हॉट्सअॅपवर त्याचा व्हॉइस मेसेज सापडला, १२ एप्रिल, सकाळी सव्वाअकराचा, "बाई, तीस मिळाले बरं का, उद्या पत्रा टाकतोच." आठ सेकंदाचा मेसेज, पण त्याची किंमत तीस हजार. चॅट एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवलं आणि तिला बजावलं की फोन बदलायचा नाही, रिसेट करायचा नाही, कारण कोर्टात असं काही द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं (आधीचं ६५ ब म्हणायचे ते) आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा.

दुसरा निर्णय : मागे लागायचं का?

आमच्या वसुलीच्या धंद्यात फाइल हातात आली की पहिला प्रश्न "कोण खरं" हा नसतो, "पैसे येणार कुठून" हा असतो. माणूस पक्का लबाड असला तरी त्याच्याकडे दुकान, गिऱ्हाईक, गावात नाव असं काही असेल तर पैसे निघतात. आणि माणूस चांगला असून कफल्लक असेल तर कोर्टाचा हुकूमनामा घेऊन भिंतीला लावायचा. म्हणून मी आठवडाभर फक्त चौकशी केली.

पॅडवर जीएसटी नंबर होता. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून बघता येतं, लॉगिन लागत नाही. नोंदणी रद्द झालेली निघाली. दुकान भाड्याचं. लोखंडाच्या दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला "आमचेच अडकलेत, तुम्ही कुठं त्याच्या नादाला लागलात." म्हणजे आपल्या आधी रांगेत लोक होते. आणि हळूहळू अजून दोघं सापडले. एकाचा गेट आणि ग्रीलचा ॲडव्हान्स २२,०००, दुसऱ्याच्या गोठ्याच्या शेडचे बरेच जास्त. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि चित्र स्वच्छ झालं. गोठ्याचं काम फेब्रुवारीपासून रखडलेलं होतं आणि मावशीचे पैसे मार्चमध्ये आल्यावर तिथं आठ दिवस काम झालं होतं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. मावशीच्या पैशातून गोठ्याचा पत्रा गेला होता.

हे कळल्यावर मावशीला फार वाईट वाटलं, पण वसुलीच्या दृष्टीनं ही अर्धी चांगली बातमी होती. असा माणूस पळून जात नाही, तो नवीन गिऱ्हाईक शोधत असतो, त्याच्याकडे पैसा येत असतो, फक्त तो सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याकडे किंवा ज्याची भीती वाटते त्याच्याकडे जातो. तेव्हा मागे लागायचं असं ठरलं, पण दोन अटींवर. एक, वीस हजाराच्या वर खर्च झाला की थांबायचं. दोन, मावशीची झोप उडतेय असं दिसलं तर मी न विचारता फाइल बंद करणार. दुसरी अट तिनं हसून उडवली होती, पण मी ती वहीत लिहून ठेवली.

समोर असलेले रस्ते

सोडून देणं. धाकटे दीर म्हणाले मागच्या जन्माचं देणं असेल. मी याला वाईट रस्ता म्हणत नाही. ज्याचे २२,००० गेले होते त्यानं सोडून दिले आणि मला वाटतं त्यानं बरोबर केलं, त्याच्याकडे ना कागद ना चेक, सगळं रोखीनं, आणि स्वतःचा धंदा सोडून त्याला हेलपाटे परवडणारे नव्हते.

पोरं पाठवणं. हा सल्ला देणारे गावात खूप असतात, आणि अमुक दादांना सांगू, एका फोनवर पैसे येतील वगैरे. याला मी ठाम नाही म्हणालो. एकदा का दमदाटी झाली की तुम्ही फसवले गेलेले राहत नाही, त्याला खंडणीची तक्रार द्यायला रस्ता मिळतो, आणि त्या दादांचे उपकार वेगळे फेडावे लागतात.

पोलीस. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, जुनं ४२०. पण त्यात पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता हे दिसायला लागतं, आणि थोडं का होईना काम झालेलं असलं की ठाण्यात उत्तर ठरलेलं, हे दिवाणी स्वरूपाचं आहे. पोलीस हे वसुली एजंट नाहीत असं सुप्रीम कोर्टानंही अनेकदा म्हटलंय. तरी आमच्याकडे गेजचा मुद्दा आणि गोठ्याच्या तारखा होत्या, त्यामुळे तक्रार अर्ज द्यायचा पण त्यावर विसंबायचं नाही असं ठरलं.

जिल्हा ग्राहक आयोग. कागदावर हा सगळ्यात चांगला रस्ता. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्याला चालतं, ५ लाखांपर्यंत फी शून्य, वकील लागलाच पाहिजे असं नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोनही करता येतो. अडचण वेळेची, कायद्यात तीन महिने लिहिलेत पण प्रत्यक्षात फार जास्त लागतात.

दिवाणी दावा. तीन वर्षं मुदत, कोर्ट फी, वकील, तारखा. एवढ्या रकमेला आम्ही फार विचार केला नाही.

आणि सहावा रस्ता, जो तेव्हा आमच्याकडे नव्हता, तो म्हणजे त्याच्या सहीचा चेक. माझा सगळा डाव हा रस्ता तयार करण्याचा होता, कारण तोंडी देण्याघेण्याचं भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि चेकचं प्रकरण सरळ असतं, सही तुझी का, पैसे होते का.

काय केलं

१६ जूनला वकिलामार्फत नोटीस, घर आणि दुकान दोन्ही पत्त्यांवर, ३,००० रुपये फी. दुकानाची परत आली, घरची पोचली. त्याच आठवड्यात ठाण्यात अर्ज, गोठेवाल्यानं पण स्वतंत्र अर्ज दिला. हवालदारांनी त्याला फोन करून बोलावलं, तो एकदा जाऊन आला. नोटीस आणि ठाण्याचा फोन एकाच आठवड्यात जाणं याचा परिणाम झाला असं मला वाटतं, नुसत्या एकाचा झाला नसता.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, तो बायको आणि लहान मुलीला घेऊन मावशीच्या दारात. रडला. मुलगी आईच्या पदराआड उभी. मावशीनं त्या पोरीला आधी आत नेऊन लाडू दिला, आणि मग मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "जाऊ दे रे, पोरीकडं बघ." हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण. मी तिला एवढंच विचारलं की मावशे, पोरीला काय द्यायचंय ते तुझ्या हातानं दे, हजार दे पाच हजार दे, पण त्यानं घेतलेल्या पैशाचा हिशोब आणि ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? ती पाच मिनिटं काही बोलली नाही. मग बाहेर येऊन त्याला म्हणाली, "लिहून दे."

९ जुलैला ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर (२०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात शंभराचा चालत नाही) करार झाला, नोटरीसमोर. त्यात मी तीन गोष्टींसाठी अडून बसलो. १,४०,००० मिळाले, त्यात ३०,००० रोख, हे त्यानं मान्य करायचं. कामाची किंमत ४२,०००, देणं ९८,००० हे मान्य करायचं. आणि तडजोड म्हणून १०,००० आज, ७०,००० चा २० ऑगस्टचा चेक, तो वटला तर उरलेले १८,००० माफ, नाही वटला तर माफी रद्द. त्याला १८,००० ची सूट दिसली आणि त्यानं सही केली. मला मान्य केलेला आकडा पाहिजे होता, तो मिळाला.

चेक परत आला

२० ऑगस्टला भरला, २१ ला परत, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. आता इथून घड्याळ सुरू होतं आणि त्यात चूक झाली तर सगळं मुसळ केरात, म्हणून जरा नीट सांगतो. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस. ती त्याला मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला. ते संपले की एक महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद. आमची नोटीस १ सप्टेंबरला गेली, घरात गौरीपूजन आणि मी वकिलांच्या ऑफिसात. मी म्हणत होतो ८८,००० मागू, करारानं माफी रद्द झालीये. वकिलांनी हात धरून थांबवलं. कलम १३८ (चेक न वटण्याचं कलम) च्या नोटिशीत चेकचीच रक्कम मागायची, ७०,०००, कमी नाही जास्त नाही, नाहीतर नोटीसच उडते. हे मला ११ वर्षांत माहीत नव्हतं कारण आमच्याकडे नोटिसा छापील असतात.

४ सप्टेंबरला त्याला मिळाली, १९ ला मुदत संपली. पैसे आले नाहीत.

तिसरा निर्णय : कोर्टात जायचं का? वकिलांची फी १२,०००. आधीचं धरून आमच्या वीस हजाराच्या मर्यादेत बसत होतं, पण मावशीला स्वतः कोर्टात उभं राहावं लागणार होतं, वय ६३, गुडघे दुखतात. मी तिला खरं सांगितलं की यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड आहे म्हणतात पण ते शेवटी, मधे तारखाच तारखा. ती म्हणाली तारखा म्हणजे काय, मी ३२ वर्षं एसटीनं शाळेला गेले. मुदत ऑक्टोबरच्या विशीला संपत होती आणि तेव्हाच दिवाळी, लक्ष्मीपूजन २१ ला, कोर्टाला सुट्ट्या लागल्या असत्या, म्हणून शेवटपर्यंत न थांबता २९ सप्टेंबरलाच फिर्याद दाखल केली. आपल्या बँकेची शाखा जिथं तिथलं कोर्ट चालतं, त्यामुळे साताऱ्यालाही जावं लागलं नाही.

निकाल

नोव्हेंबरमध्ये त्याला समन्स लागलं आणि डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवलं. तिथं तो वकील घेऊन आला. ठरलं ते असं की ७०,००० वर सगळं मिटवायचं, ४५,००० त्याच दिवशी खात्यात, बाकी २५,००० दोन हप्त्यांत, जानेवारी आणि फेब्रुवारी. १८,००० सोडले. ४५,००० चा मेसेज मावशीच्या फोनवर आला तेव्हा तिनं चष्मा लावून दोनदा वाचला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

जानेवारीचा १२,५०० चा हप्ता नऊ दिवस उशिरा आला. फेब्रुवारीचा अजून नाही.

आकडे असे. आले १०,००० अधिक ४५,००० अधिक १२,५००, म्हणजे ६७,५००. खर्च दोन नोटिसा, फिर्याद, स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स, रिक्षा मिळून १९,२००. हातात ४८,३००. येणं होतं ९८,०००. म्हणजे अर्ध्याला थोडं कमी, आठ-नऊ महिन्यांनी. शेड दुसऱ्या फॅब्रिकेटरनं दिवाळीनंतर पूर्ण केलं, १,४८,००० मध्येच, आणि तो माणूस खरंच चांगला निघाला, प्रत्येक पाइप टाकायच्या आधी मावशीला जाडी मोजून दाखवायचा.

गोठेवाल्याचं काय झालं? त्यानं चेकच्या रस्त्यानं न जाता फक्त ठाण्यावर भर दिला. आजपर्यंत त्याला आठ हजार मिळालेत.

परत करायचं झालं तर

रोख ३०,००० ही सरळ चूक. पण त्याहून मोठी चूक मला वाटते ती हप्त्यांची. पाच खांब आणि दोन कैच्या एवढ्या कामावर पाऊणहून जास्त पैसे गेले होते, १,८५,००० पैकी १,४०,०००. मिस्त्रीला मटेरियलला पैसे लागतात हे खरंय, पण मग मटेरियल आपण दुकानातून उचलायचं, बिल आपल्या नावावर, त्याला फक्त मजुरी द्यायची. दुसऱ्याकडून तसंच केलं. पाइप आणि पत्र्याचे पैसे थेट दुकानात, आणि पत्रा उतरताना त्यावर छापलेली जाडी वाचून घेतली.

ग्राहक आयोगात तक्रार जूनमध्येच टाकून ठेवायला पाहिजे होती. फी शून्य होती. मी तेव्हा म्हणालो होतो की एकावेळी एकच, दोन ठिकाणी धावायला नको. आता वाटतं की ती बाजूला चालू असती तर लोकअदालतीत आम्हाला १८,००० आणि छताचे ९,००० सोडायची घाई झाली नसती. तडजोडीत सगळं मिटवल्यामुळे तो रस्ता आता बंद झालाय.

चेक एक घेण्याऐवजी तीन घ्यायला हवे होते का, यावर वकिलांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात एकच मोठा बरा, एकच फिर्याद. मला वाटतं २०-२५ हजाराचा पहिला चेक त्यानं कदाचित वटवलाही असता, कारण त्याच्याकडे पैसे येतात पण थोडे थोडे.

आणि मे महिन्यात मी जरा लवकर लक्ष घातलं असतं तर भोकं पावसाच्या आधी बुजली असती. मावशीनं एप्रिलच्या शेवटी मला दोनदा सांगितलं होतं, मी "येतील गं, सगळे असेच असतात" म्हणालो होतो. काकांची दहा-बारा पुस्तकं गेली, त्यातली काही आता बाजारात मिळत नाहीत. ती कुठल्या हिशोबात धरायची मला कळलेलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटच्या १२,५०० चं

लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, तो अमलात आणायला दरखास्त करता येते आणि त्याला १२ वर्षं मुदत आहे. मी दरखास्तीचा कागद करून ठेवलाय. मावशी म्हणते आत्ता नको, त्याच्या पोरीची शाळेची परीक्षा होऊ दे, मेमध्ये बघू. आमची वीस हजाराची मर्यादा जवळपास संपलीये, दरखास्त केली तर ती ओलांडावी लागेल, आणि ओलांडायची की नाही हे मी तिच्यावर सोडलंय.